टेबलावरचे चार तास

४ मार्च

चि. बारकी हीस,

आशीर्वाद. नको असले तरी ठेवून घे, परत पाठवायची सोय टपालखात्याने केलेली नाही.

फोन तू उचलत नाहीस. आईच्या फोनवर बोलावं, तर ती मध्येच "आता तुम्ही दोघी बोला" म्हणते आणि नेमकी तू अंघोळीला गेलेली असतेस. नऊ वर्षांत माणूस इतक्या वेळा अंघोळ करत नाही गं. म्हणून पत्र.

काम असं आहे. मे अखेरीस मी निवृत्त होते. जाण्याआधी उणे ऐंशीचा जुना फ्रीजर रिकामा करून द्या, असा हुकूम आहे. गेला आठवडाभर मी जाड हातमोजे घालून बर्फ खरवडतेय. कुणाकुणाचं काय काय निघालं म्हणून सांगू! जे लोक वारले त्यांचे जंतूसुद्धा अजून नीट आहेत. तिसऱ्या कप्प्यात तळाला तुझ्या अक्षरातला डबा सापडला. तुमची लस टोचलेल्या बेचाळीस जणांचं सीरम, बेचाळीस कुप्या, एकही फुटलेली नाही.

नियमाप्रमाणे मूळ संशोधकाची सही लागते, ठेवायचं की नष्ट करायचं. फॉर्म सोबत जोडला आहे. खूण कर, सही कर, पाठवून दे. शाळेत मुलांच्या परीक्षा तोंडावर असतील, तुला वेळ नसेल हे कळतं, पण पाच मिनिटांचं काम आहे.

बाकी ठीक. तुझे भाऊजी गुडघ्यांची तक्रार करतात आणि लिफ्ट असून जिन्याने जातात. आईला माझा नमस्कार सांग.

तुझी ताई

१७ मार्च

बारके,

फॉर्म पोचला. 'नष्ट करा'वर तू खूण केलीस ती इतक्या जोरात की कागद फाटलाय. लहानपणी गणित चुकलं की असंच करायचीस.

मी कुप्या नष्ट केलेल्या नाहीत. ओरडू नकोस, आधी पुढचं वाच.

आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी नव्या मॅडम आल्या. तुझ्याच जंतूवर काम करतात, तुझंच टेबल त्यांना मिळालंय. डबा पाहून त्यांनी विचारलं, कुणाचा. मी म्हटलं, माझ्या बहिणीचा. मग त्यांनी कपाटातून तुझ्या वह्या काढल्या आणि दोन दिवस वाचत बसल्या. तिसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "ज्यांच्या वह्या अशा असतात त्यांचे प्रयोग असे एकाएकी पडत नाहीत. पहिल्यांदा बेचाळीसपैकी एकोणचाळीस जणांच्या सीरमने जंतू मारले, आणि सहा महिन्यांनी त्याच कुप्यांनी जेमतेम आठ-नऊ? मध्ये बदललं काय होतं?"

बदललं होतं कॉम्प्लिमेंट. हे त्यांनीच शोधून काढलं, मला विचारायची गरज पडली नाही.

परवा आईनेही फोनवर तेच विचारलं, की बारकीचं नेमकं चुकलं काय होतं. इतक्या वर्षांनी आईने हे विचारावं याचं मला नवल वाटलं. तिला मी सांगितलं, लस टोचली की रक्तात अँटिबॉडी तयार होते. ती जंतूला जाऊन चिकटते, म्हणजे खूण करते, पण मारत नाही. मारायचं काम रक्तातलीच दुसरी काही प्रथिनं करतात, त्यांना कॉम्प्लिमेंट म्हणतात. प्रयोगात ते आपण बाहेरून घालतो, सशाच्या पिल्लांच्या रक्तातून काढून. ते फार नाजूक असतं. उबेत राहिलं की हळूहळू मरतं, आणि मेलं तरी दिसायला जिवंत असल्यासारखंच, तसंच पिवळसर, तसंच नितळ. आई सगळं ऐकून म्हणाली, "म्हणजे पोरीने बोट बरोबर दाखवलं होतं, मारणारेच पेंगत होते." आपली दहावीपर्यंत शिकलेली आई! आमच्या साहेबांना हे समजावायला मला एक दुपार लागली असती.

तर मला असं वाटतंय बघ, कॉम्प्लिमेंटचा तुझा तो दुसरा लॉट आला त्या आठवड्यात फ्रीजर मध्येच बंद पडला असावा. वीज गेली असेल, कुणाच्या लक्षात आलं नसेल. कुप्या वितळून पुन्हा गोठल्या असतील. असं होतं. कुणाचा दोष म्हणता येत नाही.

मॅडमना ताजं कॉम्प्लिमेंट घेऊन तुझ्या कुप्या पुन्हा तपासायच्या आहेत. तुझी लेखी संमती हवी. दे ना. झालं गेलं तरी निदान कळेल.

ताई

२६ मार्च

बारके,

तुझं कार्ड आलं. नऊ वर्षांत तू मला लिहिलेली पहिली ओळ, आणि तीही प्रश्न: "फ्रीजर बंद पडला होता तर त्याच कप्प्यातले माझे जंतू कसे जगले?"

जगले, कारण फ्रीजर बंद पडलाच नव्हता. इतक्या दुरून, एका कार्डावर तू मला पकडलंस. तू शाळेत सातवीच्या मुलांना भिंग दाखवतेस, हे मला आज जरा जास्तच लागलं.

आता खरं लिहिते.

तुमच्या पहिल्या पेपरचा सत्कार होता तो दिवस. मोठ्या सभागृहात, सकाळी अकराला. मी पहाटेपासून प्राणीघरात होते. तुझ्याच पुढच्या प्रयोगांसाठी चाळीस पिल्लांचं रक्त काढायचं होतं, महिन्याची पिल्लं, त्याहून मोठी चालत नाहीत. त्यांच्या रक्तात स्वतःच्या अँटिबॉडी आलेल्या असतात. पिल्लू बेशुद्ध करायचं, एका हाताने छाती धरायची, सुई थेट हृदयात. पिल्लू परत उठत नाही. चाळीस वर्षं केलं तरी मी प्रत्येक वेळी त्याच्या कानामागे एकदा बोट फिरवते. का ते विचारू नकोस.

रक्त नळ्यांत भरलं. तासभर टेबलावर ठेवून गोठू द्यायचं आणि लगेच बर्फात, हे तू झोपेतही सांगशील. पावणेअकराला शेवटची नळी टेबलावर ठेवली आणि मी सभागृहात गेले. म्हटलं, अर्धा तास बसू, माझ्या बहिणीचा सत्कार आहे, पाहून येऊ.

मी मागच्या रांगेत होते, एप्रन तसाच. तू बोलायला उभी राहिलीस. सरांचे आभार मानलेस, सहकाऱ्यांचे मानलेस, अगदी ग्रंथालयाचेही. मग म्हणालीस, "आणि प्राणीघरातील कर्मचारी वर्गाचे." माझ्याकडे पाहिलंसही नाहीस. बाबा गेले तेव्हा मी बारावीला होते. नोकरी धरली ती तुझी फी भरायला, हे त्या सभागृहात फक्त तुला आणि मला माहीत होतं. कर्मचारी वर्ग!

मला उठून जाता आलं असतं. गेले नाही. भाषणं संपली, चहा झाला, फोटो झाले. मी खांबाला टेकून उभी राहिले, मुद्दाम, तू येऊन मला फोटोत ओढतेस का ते पाहायला. तू आली नाहीस. मग मी कॅन्टीनमध्ये जाऊन एकटी जेवले.

परत आले तेव्हा पावणेतीन झाले होते. त्या आठवड्यात त्या खोलीचा एसी बंद होता. चाळीस नळ्या टेबलावर तशाच, चार तास.

फेकून द्यायला हवं होतं. चाळीस पिल्लं वाया गेली असती, मला सरांसमोर उभं राहावं लागलं असतं, तुझं काम महिनाभर लांबलं असतं. मी ते सगळं सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलं, कुप्यांत भरलं आणि रजिस्टरमध्ये लिहिलं: टेबलावर पन्नास मिनिटं. अक्षर छान काढलं होतं, जाऊन बघितलं मी परवा.

लॉटची चाचणी झाली तेव्हा तो मेलेला नव्हता, अर्धमेला होता. चाचणीसाठी ठेवलेलं आपलं ते नेहमीचं जोरकस सीरम त्यातही चाललं. आधीच्यापेक्षा एक पायरी खाली, पण हद्दीत. सरांनी सही केली. तुझी सीरम तेवढी जोरकस नव्हती, ती पडली.

आता सगळं सांगून टाकते, अर्धं सांगून पुन्हा तुझ्या कार्डाची वाट बघायची माझी हिंमत नाही. तू चार वेळा प्रयोग करून थकलीस आणि प्राणीघरात आलीस. डोळे लाल. दारातूनच विचारलंस, "ताई, कॉम्प्लिमेंट नीट आहे ना गं?" तू मला विचारलंस म्हणजे तुझा माझ्यावर विश्वास होता, नाही तर सरळ रजिस्टर उघडून कुणाकडून तरी तपासून घेतलं असतंस. आणि मी म्हटलं, "माझ्या हाताखालून हजार पिल्लं गेलीत. तुझ्या अँटिबॉडीतच दम नसेल."

पेपर तू स्वतः मागे घेतलास. कुणी सांगितलं नव्हतं. आणि त्याच आठवड्यात मी मावशीला फोनवर म्हणाले, "हवेत उडत होती, आली जमिनीवर." तू माझ्या मागे उभी होतीस. त्या वाक्यासाठी तू माझ्याशी बोलणं टाकलंस. बारके, ते वाक्य तर यातलं सगळ्यात लहान पाप होतं.

मला लाज वाटते. एवढंच लिहायला मला नऊ वर्षं लागली.

ताई

९ एप्रिल

बारके,

संमतीपत्र पोचलं. सही आहे, तारीख आहे, सोबत एक अक्षरही नाही. आई म्हणाली, "पत्र आलं त्या दिवशी ती शाळेतून आली आणि नुसती पंख्याकडे बघत पडून राहिली. काय लिहिलंस गं तिला?" मी आईलाही सांगितलं. ती म्हणाली, "तुला मी जरा जास्तच शहाणी समजत होते," आणि फोन ठेवला. तुला वाटत असेल तू एकटीच माझ्याशी बोलत नाहीस, तर आता आईही नाही.

आता कामाचं सांगते.

मागच्या सोमवारी मी नव्याने रक्त काढलं. नळ्या टेबलावर ठेवल्या आणि समोर स्टूल टाकून बसले. पन्नास मिनिटं. चहावाला येऊन गेला, संचालकांचा शिपाई येऊन गेला, "बाई, साहेब बोलावतात" म्हणाला. मी म्हटलं, साहेबांना सांग, बाई मेल्या. पन्नास मिनिटं झाल्याबरोबर बर्फात, तिथून थंड सेंट्रिफ्यूजमध्ये, तिथून कुप्यांत. या वेळी रजिस्टरवर मॅडमनी सही केली. मी मागितली.

तुझ्या प्रत्येक कुपीतलं निम्मंच सीरम काढलं. निम्मं जसंच्या तसं परत ठेवलंय. मॅडमनी कुप्यांवरची नावं झाकून नुसते आकडे टाकले, म्हणजे कुणाला काय आहे ते कळू नये. एका ओळीत नवं कॉम्प्लिमेंट, आणि शेजारच्या ओळीत माझ्या त्या लॉटच्या शेवटच्या दोन कुप्या. हो, त्याही तिथेच सापडल्या होत्या, तुझ्या डब्याला चिकटून. हे पहिल्या पत्रात मी लिहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताटल्या काढल्या. मॅडम मोजत होत्या, मी लिहीत होते. जिथे जंतू जगला तिथे ठिपका उमटतो. जुन्या लॉटच्या ताटल्यांवर ठिपक्यांची नुसती रांगोळी. नव्याच्या ताटल्या स्वच्छ. मॅडम म्हणत होत्या, "शून्य. शून्य. दोन. शून्य." मला पुढचं दिसेना, चष्मा पुसला तरी दिसेना. शेवटी त्यांनीच माझ्या हातातून पेन घेतलं.

नव्यात बेचाळीसपैकी अडतीस, जुन्यात नऊ.

तुझं बरोबर होतं. तेव्हाही, आताही. तुझी लस काम करत होती. आणि तू तिचा पेपर आपल्या हाताने मागे घेतलास, माझ्या एका खोट्या आकड्यावर विश्वास ठेवून.

ताई

२१ एप्रिल

बारके,

संचालकांकडे जाऊन आले. त्यांनी सगळं ऐकलं, पाणी मागवलं, मला नाही, स्वतःला. मग म्हणाले, "बाई, असं लिहू या, अभिकर्मकाच्या, म्हणजे कॉम्प्लिमेंटच्या, साठवणुकीत तांत्रिक त्रुटी. सगळं त्यात येतं. तुमच्या निवृत्तीला महिना राहिलाय, उगाच कशाला?" मी म्हटलं, "साहेब, फ्रीजरने बिचाऱ्याने बारा वर्षं इमानाने नोकरी केलीय. त्याच्यावर आळ नको." ते हसले, पण मग मी खुर्चीवरून उठले नाही तेव्हा त्यांना कळलं.

तिथेच बसून निवेदन लिहिलं. किती वाजता नळ्या ठेवल्या, किती वाजता उचलल्या, रजिस्टरमध्ये काय खोटं लिहिलं, तू विचारलंस तेव्हा काय खोटं सांगितलं. खाली नाव, हुद्दा, सही. सत्काराचं काही लिहिलं नाही. ते तुझं माझं आहे, तुझा पेपर छापणाऱ्या मासिकाच्या संपादकांना त्याचं काय.

बातमी दुपारपर्यंत सगळीकडे झाली. ज्या पोरींना मी रक्त काढायला शिकवलं त्या आता माझ्यासमोर डबा उघडत नाहीत. मागच्या चाळीस वर्षांतले लॉट आता लोक उघडून तपासतायत, आणि तपासावेच. निरोप समारंभ रद्द झालाय. तुझ्या भाऊजींनी नवा शर्ट शिवून घेतला होता, तेवढा फुकट गेला.

मासिकाने कळवलंय, की पहिल्या लेखिकेची इच्छा असेल तर नव्या तपासणीसह पेपर पुन्हा नोंदवता येईल. फॉर्म सोबत आहे. मॅडम म्हणतात, तुझ्यासाठी इथे जागाही निघू शकते. मी काहीच म्हणत नाही. माझा म्हणायचा हक्क गेला.

आता तुझा प्रश्न. आईच्या औषधांच्या यादीमागे लिहून पाठवलास तो: "त्या दिवशी मी तुझं नाव घेतलं असतं तर?"

हा प्रश्न वाचून मला तुझा राग आला. खरंच सांगते, आला. नऊ वर्षांचं नुकसान तुझं आणि तरीही तू त्यातली आपली चूक शोधत बसलीस. असल्या स्वभावामुळेच तर तू पेपर मागे घेतलास.

ऐक. नाव घेतलं असतंस तर मी उठून पुढच्या रांगेत आले असते. फोटोत मिरवले असते. चहाच्या वेळी ज्याला त्याला धरून सांगितलं असतं, ही माझी बहीण बरं का. म्हणजे नळ्या टेबलावर चार नाही, पाच तास राहिल्या असत्या. परत आल्यावर मी त्या फेकून दिल्या असत्या का? मला माहीत नाही. खूप विचार केला, तरी माहीत नाही. पण त्या खोलीत तेव्हा मी एकटी होते. तू नव्हतीस. हे माझं ओझं आहे, त्याला तू हात लावू नकोस.

नाव घ्यायला हवं होतंस, ते वेगळं. त्याचा राग मला अजून आहे. तो आता जाईल असं वाटतं.

ताई

२८ एप्रिल

ताई,

तू नेहमीच जास्त लिहितेस. मी थोडक्यात लिहिते.

आई विचारत होती, माफ केलंस का. मी तिला नाही म्हणून सांगितलं. तुलाही तेच सांगते, म्हणजे तिच्याकडून वेगळं काही कळायला नको.

सत्काराच्या दिवशी मी तुला मागच्या रांगेत पाहिलं होतं. एप्रनवर रक्ताचा डाग होता. पाहुणे काय म्हणतील असं वाटलं, म्हणून नजर फिरवली. तुझ्या चार तासांशी याचा संबंध नाही हे मला पटलंय. पण झालं होतं ते झालं होतं, म्हणून लिहिते.

तुझी पाचही पत्रं मी वर्गात नेली होती. वाचून दाखवली नाहीत, दप्तरात होती. मुलांना उकळत्या पाण्याचा प्रयोग शिकवत होते. एका मुलीने थर्मामीटर न बघताच शंभर लिहिलं. मी तिला रागावले आणि मग मला पुढे शिकवता आलं नाही.

फॉर्मवर सही केलेली नाही. पहिल्या वेळी एकोणचाळीस होते, आता अडतीस आहेत. तो एक कुठे गेला? नऊ वर्षांत कुपीतल्या सीरमचा जोर उतरला, मोजताना चुकलं, की माझंच तेव्हा चुकलं होतं? हे कळल्याशिवाय मी कशावरही सही करणार नाही. मॅडमना सांग, उरलेल्या निम्म्या सीरमला कुणी हात लावायचा नाही.

शाळेत आठवड्याची रजा टाकली आहे. सोमवारी पोचते. तुझ्या घरी उतरणार नाही, गेस्टहाउसमध्ये खोली बघ. आईला बरोबर आणत नाही, ती आपल्या दोघींना काम करू देणार नाही.

मंगळवारी पिल्लं लागतील, महिन्याची. रक्त तूच काढ, तुझ्याइतका हलका हात तिथे दुसऱ्या कुणाचा नाही. तुझ्या शब्दावर आता माझा विश्वास नाही. म्हणून नळ्या टेबलावर ठेवल्या की तू बाजूला बसायचं, आणि घड्याळ मी धरणार.

बारकी